नावाड्यानं उतरायचं नाही

बस डेपोच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत एक बाई बसतात. त्यांचं काम ऐकायला अगदी सोपं आहे. एक बस एकाच वेळी दोन ठिकाणी नाही ना, एवढंच बघायचं. करायला घेतलं की कळतं. सकाळच्या फेरीचा ड्रायव्हर जेवणार कधी, डिझेलच्या रांगेत उभी असलेली गाडी पुढच्या थांब्यावर पोचणार कशी, पूल दुरुस्तीला निघाला तर वळसा घालून येणाऱ्या बससाठी दुसरी किती थांबणार, आणि ती थांबली तर तिच्या मागचीचं काय, हे सगळं या बाईंच्या डोक्यात. भिंतीवर मोठा तक्ता आहे, पण तो इतरांसाठी. बाई त्याच्याकडे पाठ करून बसतात.

समोर त्यांना सगळे मॅडम म्हणतात आणि पाठीमागे हरकतताई. कारण कुणी काहीही सुचवलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "माझी एक हरकत आहे." मग ती रजा असो, बदली असो, नाहीतर साहेबांच्या निरोप समारंभात केक आधी कापायचा की भाषण आधी, हे असो. आणि गंमत अशी की हरकत नेहमी बरोबर निघते. माणूस चुकीची हरकत घेत असेल तर त्याच्यावर हसून मोकळं होता येतं. बरोबर हरकत घेणाऱ्याचं काय करायचं, हे अजून कुणाला सापडलेलं नाही.

ताईंनी पन्नाशी ओलांडली आहे. लग्न केलेलं नाही. भाऊ आणि वहिनीकडे राहतात. लग्न का नाही केलं, असं विचारणारे आता दमले, पण वहिनींना अजून विषय पुरतो. स्थळं आली होती. एक तर चांगलं शिकलेलं, नाकीडोळी नीटस, बोलायला मऊ. तो म्हणाला, मी पहाटे उठून फिरायला जातो. थोड्या वेळानं म्हणाला, रात्री उशिरापर्यंत वाचत बसतो. ताईंनी तिथल्या तिथे विचारलं, "मग झोपता कुठे, ऑफिसात?" तो खरंच ऑफिसात झोपायचा, हे पुढे सगळ्यांना कळलं. पण स्थळ गेलं ते गेलंच.

तर अशा या ताई दर रविवारी दुपारी, पावडरबिवडर न लावता, एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसतात. शेजारपाजारच्यांना बरीच वर्षं वाटायचं, काहीतरी शिजतंय. शिजत होतंच. पण ते काय होतं ते समजलं असतं, तर शेजाऱ्यांची फार निराशा झाली असती. तिथे चार मोठी माणसं बसून एका देशाबद्दल बोलत होती, जो देश नाहीच.

त्या देशाचं नाव पल्याड. त्याची सुरुवात मास्तरांनी केली. मास्तर भूगोल शिकवायचे आणि मुलं झोपायची. एके दिवशी वैतागून त्यांनी खऱ्या नद्या पुसून टाकल्या आणि फळ्यावर एक खोटी नदी काढली. वर्ग खडखडीत जागा झाला. पुढे मुलं मोठी होऊन पांगली, नदी मात्र मास्तरांकडेच राहिली. चष्म्याचा नंबर बदलायला गेले तेव्हा त्यांनी ती सहज चष्मेवाल्यांना सांगितली. चष्मेवाले मान वर न करता काच घासत होते. म्हणाले, "नदी ठीक आहे. पण ओलांडायची कशी?" मास्तर म्हणाले, "नाव असेल." चष्मेवाले म्हणाले, "मग नावाडी मी." झालं. शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर औषधाची बाटली तशीच हातात घेऊन आत आला आणि त्यानं दुसऱ्या काठावरच्या डोंगरात एक ड्रॅगन सोडला. त्याच्या ड्रॅगनला कायम अपचन असतं. बिनऔषधाचा प्राणी कंपाउंडरला सुचतच नाही.

आणि ताई? ताई डोळे तपासायला आल्या होत्या. तपासणीच्या खुर्चीत, नाकावर ती लोखंडी फ्रेम, दिवा बंद. मागच्या खोलीत कंपाउंडर सांगत होता की राणीनं एका रात्रीत सगळं सैन्य उत्तरेच्या किल्ल्यावरून मिठाच्या शहरात आणलं. अंधारातून आवाज आला, "माझी एक हरकत आहे. मधे डोंगर आहे ना तुमचा? मग तोफा कशा आणल्या?" मग मास्तर म्हणाले, "त्या बाईंनाही एक कप चहा सांगा." तेव्हापासून त्यांचा कप तिथेच असतो.

पुढे पल्याड वाढत गेलं. वाढलं म्हणजे किती, हे सांगायला बसलं तर ऐकणारा उठून जाईल. वाऱ्यांना माहेरं आहेत. मिठाचा कायदा आहे, त्यावरून झालेलं बंड आहे. राण्यांची वंशावळ आहे, तिच्यात दोन राण्या एकाच नावाच्या आहेत आणि दोघींची आपापसात भांडणं आहेत. एकमेकींशी न जुळणारी दोन पंचांगं आहेत, आणि ती का जुळत नाहीत याचीही एक गोष्ट आहे. एका गावातली घंटा वाजवायची नाही. एक भाषा मेलेली आहे, तिचे थोडेसेच शब्द उरलेत आणि त्यातले निम्मे शिव्या आहेत, कारण ते कंपाउंडरनं सांगितले. मधे एकदा एक तरुण जोडपं हौसेनं येऊन बसलं होतं. मास्तरांनी त्यांना प्राथमिक माहिती म्हणून फक्त वंशावळ सांगायला घेतली. जोडपं पुन्हा दिसलं नाही. मुलीची छत्री अजून खुंटीला आहे.

यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. तसा नियमच आहे. लिहिलं की माणूस विसरायला मोकळा होतो, असं मास्तरांचं म्हणणं. दुसरा नियम असा: ज्याला काही नवीन घडवायचं असेल त्यानं ते सांगावं आणि आपला चहा प्यावा. चहा संपेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर त्यानं कप बशीत उपडा करायचा. गोष्ट कायम झाली, आता ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही. हरकत आली आणि ती खरी ठरली, तर कप सुलटाच ठेवायचा. गोष्ट बाद. बाद झालेली गोष्ट त्याच माणसानं पुन्हा सांगायची नाही. ताईंमुळे सुलटे राहिलेले कप जर कुणी मांडले असते, तर दुकानात चालायला जागा उरली नसती.

प्रत्येकाचं पल्याडमध्ये एक आपलं माणूस. चष्मेवाल्यांचा नावाडी, कंपाउंडरचा ड्रॅगन, मास्तरांचा एक म्हातारा वाटाड्या, जो वाट सोडून बाकी सगळं सांगतो. ताईंची दिवेवाली. नदीच्या मुखाशी उंच खडकावर दीपगृह आहे, तिथे ती एकटी राहते आणि दिवा सांभाळते.

आता एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. काही वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांची बायको गेली. मंडळी भेटायला गेली, पण काय बोलायचं ते कुणालाच सुचलं नाही. कंपाउंडर तर नुसता पंख्याकडे बघत बसला होता. त्यानंतरच्या रविवारी चष्मेवाले आपल्या जागेवर येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "नावाड्यानं शपथ घेतली आहे. नदीनं जे नेलं ते परत मिळेपर्यंत तो किनाऱ्याला पाय लावणार नाही." कुणी हरकत घेतली नाही. त्यांनी कप उपडा केला. मग ताई म्हणाल्या, "दिवेवाली यापुढे दिवसाही दिवा लावून ठेवते." आणि त्यांनीही कप उपडा केला. दुखवट्याचं जे काही बोलायचं होतं, ते झालं.

पुढे ताईंची आई आजारी पडली तेव्हा दिवेवालीचं तेल संपलं. रविवारी नावाड्यानं नाव खडकाला लावून, दोरीला बांधून तेलाचा डबा वर पाठवला. स्वतः उतरला नाही. शपथ होती ना. पण डबा वर गेला, आणि त्या आठवड्यात चष्मेवाले इस्पितळाच्या बाकावर रोज संध्याकाळी येऊन बसायचे. बोलायचे काही नाहीत. ताईही काही विचारायच्या नाहीत. एकदा ताईंनी घड्याळाकडे बघून म्हटलं, "आता शेवटची बस आहे तुमची." एवढंच.

तर आता अलीकडचं. चष्मेवाल्यांचे हात थोडे थरथरायला लागले होते. कोपऱ्यावर मोठं दुकान आलं, तिथे यंत्र नंबर काढतं. परगावी त्यांची थोरली बहीण आहे, ती कधीपासून मागे लागली होती, एकटा काय करतोस, इकडे ये. त्यांनी हो म्हटलं. महिनाअखेर दुकान सोडायचं ठरलं. हे त्यांनी मंडळींना एका वाक्यात सांगितलं आणि विषय मिठाच्या कायद्यावर नेला.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी चहा हातात घेतला, घोट मात्र घेतला नाही.

"नावाडी," ते म्हणाले, "किनाऱ्यावर उतरला."

कंपाउंडरचा हात बिस्किटावर थांबला.

"खडकाच्या पायऱ्या चढून दिवेवालीच्या दारात गेला. म्हणाला, नाव आता देऊन टाकतोय. लांब जायचं ठरलंय. पण जावंसं वाटत नाही. या दिव्यापाशी आणखी एका माणसाला जागा आहे का?"

एवढं बोलून त्यांनी कप तोंडाला लावला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. कंपाउंडरनं पोरीबाळींसारखे दोन्ही हात गालावर ठेवले.

"माझी एक हरकत आहे," ताई म्हणाल्या.

कंपाउंडरचे हात गालावरून खाली आले.

"खरं म्हणजे दोन आहेत. नावाडी उतरू शकत नाही. शपथ आहे त्याची, तुम्हीच घातलीत, आम्ही सगळे होतो. नदीनं जे नेलं ते परत मिळालंय का? नाही. आणि दुसरी म्हणजे, हा कोरडा मोसम. या मोसमात दिवेवाली दीपगृहात नसते. दिवा काठोकाठ भरून ठेवून वरच्या गावी तेल आणायला गेलेली असते. तो दार वाजवेल, पण आत कुणी नाही."

चष्मेवाल्यांनी कप खाली ठेवला. सुलटा.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

ताई घरी आल्या त्या खुशीत. असा बारीक धागा बऱ्याच दिवसांत हाती लागला नव्हता. वहिनी वाटाणे सोलत बसल्या होत्या, दादा पेपरामागे होते. ताईंनी चप्पल काढता काढता सगळं सांगितलं, स्वतःच्या दोन्ही हरकतींसकट, आवाजात चढउतार करून.

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "परत सांगा. तो दारात जाऊन काय म्हणाला?"

"म्हणाला, दिव्यापाशी आणखी एका माणसाला जागा आहे का."

"आणि दिवेवाली कोण?"

"माझी. म्हणजे मीच सांगते तिचं."

"आणि नावाडी त्यांचा."

"हो. मग?"

वहिनींनी शेंग ताटलीत टाकली. "वन्सं, त्या माणसानं तुम्हाला मागणी घातली. आणि तुम्ही त्याला वेळापत्रक वाचून दाखवलंत."

"काहीतरीच तुझं, वहिनी!"

"मला काही कळलं नाही," पेपरामागून दादा म्हणाले.

"तुम्हाला माझ्या वेळीही कळलं नव्हतं. तुम्ही पेपर वाचा."

"त्यांना तसं म्हणायचं असतं," ताई म्हणाल्या, "तर त्यांनी सरळ नसतं का विचारलं?"

"तुम्ही दोघं आयुष्यात सरळ काय बोललात ते सांगा मला. एक तरी. 'बस आहे तुमची' हे सोडून."

ताईंनी एक चप्पल काढून हातात घेतली. हरकत घ्यायला काहीतरी सापडेल म्हणून त्यांनी मनातल्या मनात सगळे रविवार चाळले. शपथ आठवली. ती शपथ कधी घातली होती, ते आठवलं. आणि मग, एक चप्पल पायात आणि एक हातात अशा त्या स्टुलावर बसल्या. ज्या माणसानं इतक्या वर्षांनी किनाऱ्याला पाय लावायचं मनात आणलं होतं, त्याला आपण नियम दाखवून परत पाण्यात ढकललं होतं. आणि वर बजावलं होतं, दार वाजवलंस तरी आत कुणी नाही.

"वाटाणे सोलता का?" वहिनी हळूच म्हणाल्या. "हाताला काम असलं की बरं."

दुसऱ्या दिवशी डेपोत ताईंनी दोन ड्रायव्हरांना एकाच बसवर लावलं. असं पूर्वी कधी झालेलं नव्हतं. ड्रायव्हरांनी तक्रार केली नाही. एकानं चालवली, दुसरा शेजारी बसून गप्पा मारत गेला. मॅडमची तब्येत बरी नसणार, असं खाली ठरलं.

मॅडमची तब्येत ठणठणीत होती. त्या पल्याडमध्ये वाट शोधत होत्या. काहीतरी फट असणार, शपथ न मोडता नावाड्याला वर येता येईल अशी. पण जिथे जावं तिथे दाराला कडी, आणि ती कडी त्यांनीच कधीतरी घातलेली. पूल? पुलावर त्यांनी पूर्वी हरकत घेतली होती, खडक ठिसूळ आहे म्हणून. नदी गोठवावी? गोठते ती फक्त उगमाशी, हे त्यांनीच सिद्ध केलं होतं. दिवेवालीनं गावाहून लवकर परतावं तर तेल कोण आणणार, हा त्यांचाच जुना मुद्दा. शेवटी त्या मास्तरांकडे गेल्या.

मास्तर गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते.

"मास्तर, मला एक पूर पाहिजे."

मास्तरांनी झारी खाली ठेवली. "केवढा?"

"दीपगृहाच्या उंबऱ्यापर्यंत. नाव दारात लागली पाहिजे. म्हणजे त्याला पाय खाली न टेकता दारात येता येईल."

मास्तरांनी मनापासून विचार केला. भूगोलाच्या बाबतीत ते चेष्टा करत नाहीत. "पूर देता येईल. पण मग मिठागरं बुडतात. मिठागरं बुडली की मिठाचा कायदा कशाला? आणि कायदा नाही तर राणीविरुद्धचं बंड कशावरून झालं?"

"बंड दुसऱ्या कशावरून तरी करू."

"ताई," मास्तर म्हणाले, "हे तुम्ही बोलताय?"

ताईंचे कान तापले. "तुम्हाला कळलं होतं का हो, त्या दिवशी?"

"मला कळलं होतं. कंपाउंडरला कळलं होतं. त्याला तर रडू येत होतं."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"काय बोलणार? हरकत बरोबर होती."

यावर ताईंना राग यायला हवा होता. पण त्यांच्याही लक्षात आलं की मास्तरांच्या जागी त्या असत्या तर त्याही गप्पच बसल्या असत्या. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली. स्वतः कठड्याला टेकून उभे राहिले.

"सुरुवातीला, बघा," ते म्हणाले, "ती एक रिकामी खोली होती. आपल्याला बोलायला. बाहेर जे बोलता येत नव्हतं ते तिथे बोलायचो. मग आपण तिच्यात सामान आणून टाकायला लागलो. कायदा आणला, पंचांगं आणली, राण्या आणल्या. सामान चांगलंच आहे, मला त्यातली एक राणीसुद्धा टाकून देववणार नाही. पण आता अशी गत झालीय की कुणाला दोन शब्द बोलायला उभं राहायचं म्हटलं, तर कुठल्यातरी राणीला धक्का लागतो." त्यांनी झारी पुन्हा उचलली. "तो पुन्हा सांगणार नाही, एवढं मी तुम्हाला सांगतो. नियम आहे म्हणून नव्हे. तुमचं म्हणणं त्याला खरं वाटलंय. आत कुणी नाही, हे."

"मग मी काय करू?"

"पुरानं होण्यासारखं हे काम नाही."

ताईंनी अर्धी रजा टाकली. डेपोत हा अर्ज दोघातिघांनी उलटसुलट करून पाहिला. भर दुपारी त्या दुकानात शिरल्या. शोकेसमधल्या फ्रेम निघाल्या होत्या, जिथे जिथे त्या होत्या तिथे मखमलीवर गडद खुणा राहिल्या होत्या. चष्मेवाले तपासणीच्या काचांची पेटी जुन्या टॉवेलात गुंडाळत होते.

"अरे, ताई? आज डेपो?"

"डेपो चाललाय." ताईंनी इकडेतिकडे बघितलं. बसायला फक्त तपासणीची खुर्ची उरली होती. त्या तिच्यात बसल्या. "माझी दांडी सैल झालीय."

दांडी चांगली घट्ट होती. पण त्यांनी चष्मा काढून पुढे केला आणि त्याबरोबर दुकान विरघळलं. चष्मेवाल्यांच्या जागी एक निळसर, शर्टाच्या रंगाचा डाग उरला. डागानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला. ताईंना बरं वाटलं. डागाशी बोलणं सोपं असतं. आणि ज्याच्या हातात काम आहे, त्यालाही वर बघावं लागत नाही.

"रविवारी तुम्ही जे सांगितलंत..." ताई म्हणाल्या.

"त्याचं काय. बरोबर होतं तुमचं. कोरड्या मोसमात दिवेवाली वर असते, हे मला आठवायला हवं होतं."

"मी दिवेवालीचं विचारत नाहीये."

"आणि शपथ तर माझीच."

"नावाड्याचंही नाही विचारत. त्याला राहू दे नदीत. तुमचं विचारतेय. तुम्हाला काय म्हणायचं होतं, ते मला सांगा. मला आडून सांगितलेलं कळत नाही हो. कळत असतं तर मी डेपोत कशाला असते?"

स्क्रू थोडा फिरल्याचा आवाज आला. मग उलटा फिरल्याचा.

"मला सरळ सांगता येत नाही," डाग म्हणाला.

"मग वाकडं सांगा. पण तुमचं सांगा."

बाहेरून एक बस गेली. कुठली, आणि किती उशिरा चालली आहे, हे ताईंना आवाजावरून कळलं, पण त्या काही बोलल्या नाहीत.

"बायको गेली," चष्मेवाले म्हणाले, "तेव्हा नावाड्याला शपथ घातली. मला वाटलं होतं, एखादा मोसम. दुःख ओसरेपर्यंत. पण कप उपडा झाला. गोष्ट कायम झाली. मग तो उतरत नाही म्हणून मीही... तशी सवय लागते. बहिणीनं बोलावलं, मी हो म्हटलं. खोकी भरायला घेतली. आणि भरताना बघतो तर मला कशाचंच वाईट वाटेना. दुकानाचं नाही, यंत्राचं नाही, या पेटीचं नाही. फक्त एकच येत होतं मनात. मी गेल्यावर रविवारी या बाई हरकत कुणावर घेणार?" त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "तुमच्याजवळ राहावं असं वाटतं. एवढंच म्हणायचं होतं. तुमचं काही म्हणणं असेल तर..."

"आहे ना. पुष्कळ आहे." ताईंचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत लागला होता. "तुम्ही घोरता, असं कंपाउंडर सांगतो. मला आवाजानं झोप लागत नाही. तुमच्या बहिणीनं तिकडे खोली आवरून ठेवली असेल, तिला काय सांगणार? माझी नोकरी अजून संपलेली नाही. दादाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल, त्यात एक महिना जाईल. आणि लोक हसतील."

"हं," चष्मेवाले म्हणाले. "सगळं खरं आहे."

"खरं आहेच. पण म्हणून गोष्ट बाद होते असं कुणी सांगितलं तुम्हाला? अडचणी आहेत म्हणून सांगितल्या. तुम्हाला माहीत असाव्यात. जाऊ नका."

चष्मेवाल्यांनी चष्मा रुमालानं पुसला, परत पुसला, मग पुढे होऊन स्वतःच ताईंच्या कानांवर चढवला. एक दांडी केसांत अडकली. दुकान पुन्हा जागेवर आलं. रिकामी शोकेस, खोकी, आणि अगदी समोर चष्मेवाल्यांचा चेहरा, लालबुंद. इतक्या वर्षांत ताईंनी तो इतक्या जवळून पाहिला नव्हता. त्यांच्या चष्म्याची काच डागाळलेली होती. चष्म्याच्या दुकानदाराला हे शोभत नाही, असं तोंडावर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं.

तेवढ्यात दार उघडलं. एक जाडशा बाई मोडका चष्मा नाचवत आत आल्या, पलीकडच्या गल्लीतल्या, जिथे कुठे काही घडतं तिथे नेमक्या हजर असणाऱ्या. "नातवानं मोडली हो दांडी. बसवून देता का? आणि दुकान बंद होतंय म्हणे?"

"हो," चष्मेवाले म्हणाले. "महिनाअखेर."

"म्हणजे तुम्ही बहिणीकडे जाणार ना? मला कळलंय सगळं."

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, पण उत्तर तपासणीच्या खुर्चीतून आलं.

"नाही. ते इथेच राहणार आहेत."

बाईंनी आधी ताईंकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांच्या लाल झालेल्या कानांकडे. "इथे म्हणजे कुठे?"

"ते अजून ठरायचंय," ताई म्हणाल्या. डेपोतल्या एखाद्यानं हे वाक्य ऐकलं असतं तर त्यानं खाली जाऊन सगळ्यांना गोळा केलं असतं. "ठरलं की कळेलच तुम्हाला."

"अच्छा," म्हणून बाईंनी एक खोकं ओढलं आणि त्यावर बैठक मारली. दांडी लवकरच बसवून झाली. बाई मात्र उठायचं नाव घेईनात.